आता माझा रक्तगट शोभाचा

मागे दारव्ह्यात रक्तदान शिबिर होतं. गावभर त्याची घोषणा मीच करून आलो होतो, म्हणून हक्काने मंडपात चहा प्यायला बसलो. तिथे शर्ट खोचलेल्या एका पोराने मला विचारलं, "काका, तुमचा रक्तगट कोणता?"

मी म्हणालो, "ए पॉझिटिव्ह. आधी बी पॉझिटिव्ह होता."

पोरगा हसला. मंडपातल्या दोन पोरींकडे पाहून हसला, त्याचा मला जास्त राग आला. म्हणाला, "काका, रक्तगट जन्मापासून मरेपर्यंत एकच राहतो. आधीची तपासणी चुकली असेल."

"चुकली नव्हती."

"काका, सायन्स आहे हे."

आता मला सांगा, ज्या सायन्सने मला मसणाच्या वाटेवरून परत आणलं, ते हा काल मिशा फुटलेला पोरगा मला शिकवणार? मी चहा अर्धा टाकला आणि घरी येऊन लिहायला बसलो. तेव्हा हे रागात लिहिलेलं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण ज्यांच्या घरात आज हाच आजार येऊन बसला आहे, त्यांच्यासाठीही आहे. त्यांनी माझ्या रागातलं कामाचं तेवढं घ्यावं.

काय घेतलं?

मी भोंगेवाला. दारव्ह्यात माझा ऑटो आहे, त्याच्या टपावर दोन भोंगे आणि माझ्या हातात माईक. साड्यांचा सेल, बैलांचा शंकरपट, हरवलेली म्हैस, कोणाची मयत, सगळं गावाला माझ्या आवाजात कळतं. आजार सुरू झाला तो हिरड्यांपासून. दात घासले की थुंकी लाल. मग मांडीवर, दंडावर निळे डाग. माझी बायको मंदा म्हणाली, "कोनाचा मार खाऊन आले? खरं सांगा." मार खाणारा माणूस मी दिसतो, याचंच मला दुःख झालं.

एका बाजाराच्या दिवशी 'भव्य साडी महोत्सव' म्हणताना 'भव्य'वरच माझा श्वास संपला आणि मी ऑटोतच आडवा झालो.

लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. डोळे उघडले तर समोर नर्स. तिने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पहिला प्रश्न, "काय घेतलं?"

कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीने बोंडं पोखरलेली. फवारणी करताना औषध अंगात भिनून माणसं दवाखान्यात येत होती, आणि काही जण तेच औषध मुद्दाम पिऊन येत होते. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या मयतीची घोषणा मी या तोंडाने केलेली. त्यामुळे प्रश्नाचा अर्थ मला लगेच कळला.

"काही नाही घेतलं, बाई."

"सगळे असंच म्हणतात. बाटली कुठे आहे?"

मंदा पुढे झाली. "अवो बाई, यायच्यापाशी वावरच नाई. फवारतीन काय, ऑटोवर?"

पण कोण ऐकतो! चार हात मला धरायला आणि एक ट्यूब माझ्या नाकात. पोट धुवायचं म्हणून. ट्यूब गेली आणि नाकातून रक्ताची धार लागली ती थांबेचना. चादर लाल, नर्सचे हातमोजे लाल. तेव्हा कुठे एका डॉक्टरला वाटलं की याचं रक्त तपासून पाहावं. आमच्या भागातल्या माणसाने साधं आजारी पडायचीही सोय राहिली नव्हती.

त्याच वॉर्डात दुसऱ्या दिवशी एक पुढारी आले. मागे फोटोवाला. माझ्या खाटेपाशी थांबून चेहरा पाडून विचारलं, "किती एकर?"

म्हणालो, "एकही नाही."

"मग काय झालं?"

"आजार."

त्यांचा चेहरा एकदम नीट झाला. ते पुढच्या खाटेकडे गेले, आणि फोटोवाला माझ्या सलाईनच्या नळीला अडखळून त्यांच्या मागे गेला.

मटनाची नळी

तिथून नागपूरला पाठवलं. माझा मित्र गजानन दारव्हा ते यवतमाळ जीप चालवतो. त्यानेच नेलं. नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्या भाचीएवढ्या, पायात खेळाचे बूट. कंबरेच्या हाडातून काहीतरी काढून त्यांनी तपासलं आणि मंदाला, मला, गजाननला समोर बसवलं.

त्या म्हणाल्या, "हाडांच्या आत जो गर असतो, तिथे रक्त तयार होतं. तुमचा गर जवळजवळ संपलाय. रक्त बनत नाही."

गजानन पुढे सरकला. "म्हंजे मॅडम, मटनाची नळी घेतली, ताटात ठोकली, अन् आतून काईच नाई निंगालं. तसं?"

मला वाटलं आता हाकलणार. पण बाई म्हणाल्या, "अगदी तसंच."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना खोलीतला पंखा मला फार मोठ्याने ऐकू येऊ लागला. दुसऱ्यांचं रक्त चढवत काही दिवस काढता येतील. पण अंगात लढणाऱ्या पेशीच नाहीत, त्यामुळे एखादा साधा ताप आला तरी मी जाऊ शकतो. वाचायचं असेल तर दुसऱ्याच्या मूळपेशी माझ्या अंगात सोडायच्या, त्या हाडात जाऊन घर करतील, नवं रक्त बनवतील. सख्ख्या भावंडाच्या असतील तर सगळ्यात बरं.

"भाऊ-बहिणी किती?"

"एक भाऊ, एक बहीण."

"दोघांना बोलवा. लवकर."

बाहेर आल्यावर मंदा रडली नाही. कॅन्टीनमध्ये गेली आणि पोह्यात शेंगदाणे नाहीत म्हणून तिथल्या माणसाशी अशी भांडली की दोन वॉर्डबॉय धावत आले. मी बाकावर बसून ऐकत होतो. तिने रडायला दुसरी जागा शोधली, एवढंच.

बी पॉझिटिव्हवाल्यांची जीप

इथून पुढे माझ्या माणसांनी जे केलं ते प्रेमाने केलं, म्हणून त्यांना शिव्या देता येत नाहीत. हाच तर खरा त्रास आहे.

गजानन दारव्ह्याला परतला, माझ्या ऑटोत बसला, माझा माईक घेतला आणि गावभर ओरडत फिरला, "आपल्या दिवाकरभाऊले बी पॉझिटिव्हवाल्याची नळी पायजे! ज्याची ज्याची बी पॉझिटिव्ह असन, त्यानं जीपपाशी येऊन राह्यजो!" तिसऱ्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यापुढे जीप थांबली आणि तिच्यातून दारव्ह्याचे बी पॉझिटिव्ह उतरले. टपावरून सुद्धा उतरले. एकाने येताना नळी मजबूत व्हावी म्हणून पायाचा सूप पिऊन आल्याचं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावला. "अहो, यात रक्तगट जुळवत नाहीत! पेशींवरच्या वेगळ्या खुणा असतात, त्या जुळवतात. रक्तगट सारखा असून खुणा जुळणार नाहीत, आणि रक्तगट वेगळा असून जुळतील."

जीपमधल्या मंडळींनी माना डोलावल्या. एकालाही पटलं नाही. त्यांनी रक्तपेढीत रक्त तेवढं दिलं, केळी खाल्ली आणि परत गेले. तेव्हा मला बी गटाचं रक्त चढत होतं, त्यामुळे ते दान वाया गेलं नाही. पण गावात जाऊन त्यांनी पसरवलं ते एवढंच की रक्तगटाशिवाय काही जुळत नसते, डॉक्टरीण नवीन हाये.

जीवनदाता

माझा थोरला भाऊ वसंता बोरी अरबला राहतो, आईसोबत. पिठाची चक्की आहे. त्याचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. झालं! गावाने ठरवून टाकलं. नागपूरला तपासणीसाठी रक्त देऊन तो परतला, निकाल यायचा होता, आणि गावाने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, भाषणं. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर वसंता हात जोडून हसतोय आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जीवनदाते वसंतभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन'. कोपऱ्यात माझा फोटो, बोराएवढा. ज्याचं जीवन, त्याचा फोटो बोराएवढा!

मग निकाल आला. वसंताच्या खुणा माझ्याशी जुळत नव्हत्या. धाकट्या बहिणीच्या, शोभाच्या, पूर्ण जुळत होत्या. आणि तिचा रक्तगट ए पॉझिटिव्ह.

वसंताचा फोन आला. "त्यायले म्हना पुन्ना तपासा. माहा बी, तुहा बी. सेम टू सेम. अन् मी जुळत नाई म्हंते? सिशा बदलवल्या असतीन!"

"दादा, नाही बदलल्या."

"मंग फ्लेक्सचं काय करू?"

मी मरायला टेकलोय आणि हा मला फ्लेक्सचं विचारतो! पण आज विचार करतो तर वाटतं, त्याला खरंच द्यायचं होतं. सगळ्या गावासमोर घेतलेला नारळ आता तो कुठे ठेवणार होता?

शोभा राळेगावला दिलेली. तिने फोनवर एकच विचारलं, "भाऊ, कधी येऊ?"

पण तिला येऊ देईल कोण?

लेकीचं घ्याचं नसते

पहिली आडवी आली ती माझी आई. आमच्या घरात जुनी रीत, लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही. शोभाच्या लग्नापासून आई राळेगावला जाते ती स्वतःची पाण्याची बाटली घेऊन. भरउन्हात जाईल, बाटलीतलं कोमट पाणी पिईल, चहाला हात लावणार नाही आणि संध्याकाळच्या गाडीने उपाशी परत.

ती दवाखान्यात माझ्या खाटेपाशी बसून म्हणाली, "बाबू, लेकीले द्याचं असते. तिच्याकून घ्याचं नसते. तिच्या घरचं मी पानी घेत नाई, अन् तिचं रक्त घेऊ? वसंताचं पाह्य म्हना अजून."

"माय, त्याचं जुळत नाही."

"रक्तगट तं जुळते!"

मी भिंतीकडे तोंड केलं. माझीच आई, आणि ती एका पाण्याच्या बाटलीसाठी मला मरू देणार होती. तेव्हाचा तो राग मला अजून आठवतो. मंदा तर आईशी चार दिवस बोललीच नाही. दोघी एकाच बाकावर, मध्ये डबा.

दुसरे आडवे आले शोभाचे सासरे. त्यांचं म्हणणं, सून वावरात राबते, हाडात सुया टोचून लंगडी झाली तर? दंडातून काढतात, यंत्र लावतात, हाडाला हातही लावत नाहीत, हे मी फोनवर घसा सुकेपर्यंत सांगितलं. ते नुसते 'हो हो' म्हणत राहिले.

अशात मला ताप आला. थंडी भरून दात वाजत होते. डॉक्टरीणबाई दिवसातून तीनदा येऊन विचारायच्या, "बहीण कधी येते?" आणि मंदा पुन्हा राळेगावला फोन लावायची.

त्याच आठवड्यात राळेगावच्या पानठेल्यावर शोभाचे सासरे चार लोकांत बोलून गेले, "सख्खे भाऊबहीन म्हंते, अन् रक्तगट वेगळा. असा कसा वेगळा निंगते? आता आपुन काय बोलावं!"

आमच्याकडे बातमी जीपने फिरते. ही बातमी राळेगावहून यवतमाळ, यवतमाळहून गजाननच्या जीपमध्ये आणि तिथून सरळ बोरीला परतलेल्या आईच्या कानात गेली.

माईक

माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. आईने आमच्या तिघांचं केलं ते कापूस वेचून. तिच्यावर अशी गोष्ट कोणी बोलेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. गजानन सांगतो, तिने आधी पदर खोचला. मग म्हणाली, "डॉक्टरीनबाईले फोन लाव."

गजाननने लावला. आईने विचारलं, "बाई, लेक अन् लेकाचा रक्तगट वेगळा राहू शकते काय?"

"सहज राहू शकतो, आजी. वडिलांचा एकाला, आईचा दुसऱ्याला, असं होतं."

"अन् जे जुळलं ते काय हाये मंग?"

"त्या खुणा अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या वडिलांकडून. या दोघांच्या दोन्हीकडच्या जुळल्या आहेत. तुम्ही दोघांनी या दोघांना अगदी तेच दिलंय."

"हे तुम्ही राळेगावच्या बजारात येऊन सांगान काय?"

"आजी, मला इथून हलता येत नाही."

"मंग मीच सांगीन."

आणि माझ्या आईने, जिने आयुष्यात कधी माईक हातात धरला नाही, गजाननला माझ्या ऑटोचे भोंगे काढून जीपवर बांधायला लावले. वसंताला सोबत घेतलं. राळेगावचा बाजार भरला होता. व्याह्याच्या घरापुढे, भर रस्त्यात जीप उभी केली. गजाननने मोबाईलवर ते सगळं टिपलं. मी ते आजही ऐकतो. एवढ्या वर्षांचा भोंगेवाला मी, पण अशी घोषणा मला जमलेली नाही.

"आयका हो! मी दारव्ह्याच्या भोंगेवाल्याची माय! माही लेक शोभा या घरात दिली हाये. तिचा रक्तगट वेगळा म्हून ज्याच्या पोटात दुखून राह्यलं, त्यानं आयका! नागपूरच्या डॉक्टरीनबाईनं सांगतलं, दोघायचं मायकून जुळलं अन् बापाकूनही जुळलं. सोळा आने! अजून कोनाले इचाराचं असन, तं पानठेल्यावर नोको, इथं येऊन माह्या तोंडावर इचारा!"

मग तिचा आवाज थोडा फाटतो. "अन् शोभे, चाल. तुहा भाऊ मरून राह्यला. आता मले तुहं पायजे."

शोभा दारातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. ती तिने फोन आला त्याच दिवशी भरून ठेवली होती.

सासरे ओट्यावर आले. बाजारातली माणसं पाहत होती. ते हळूच म्हणाले, "इवाईनबाई, तुम्ही कायले एवढं... या, चहा घ्या."

आई माईक बंद करायला विसरली होती, त्यामुळे तिचं उत्तरही साऱ्या बाजाराने ऐकलं. "तुमच्या घरचं पानीही घेत नाई मी!"

पिशवी

शोभाला काही दिवस इंजेक्शनं दिली. तिचं अंग ठणकायचं, ती म्हणायची, "वावरातल्या निंदनापेक्षा कमीच हाये." मग यंत्राला लावून तिच्या पेशी काढल्या. इकडे मला काचेच्या खोलीत कोंडलं, जबर औषधं दिली, केस गेले, तोंडात आतून असे फोड की थुंकी गिळवेना. माझा आवाज गेला. भोंगेवाल्याचा आवाज! मंदा काचेपलीकडून हातवारे करायची आणि मी चुकीचा अर्थ लावला की तिकडून वैतागायची. भेटायला येणारे केळी आणायचे. मला कच्चं काही चालत नाही हे सांगून सांगून ती थकली, शेवटी तिने दवाखान्याच्या दारावरच केळी जप्त करायला सुरुवात केली.

ज्या दिवसासाठी एवढं रामायण झालं, तो दिवस आला. मला वाटलं होतं मोठं ऑपरेशन, दिवे, धावपळ. नर्सने एक छोटीशी लालसर पिशवी सलाईनसारखी टांगली आणि म्हणाली, "झोपा काका." एवढंच? निदान तुतारी तरी वाजवा!

मी डॉक्टरीणबाईंना फाटक्या आवाजात विचारलं, "रक्तगट वेगळा आहे म्हणून मी मरणार का? खरं सांगा."

त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगातलं जुनं रक्त तिच्या लाल रक्ताशी काही दिवस भांडेल. ते भांडण आम्हाला सांभाळता येतं. खुणा जुळल्या नसत्या तर सांभाळणं खूप कठीण होतं."

भांडण झालंच. लढणाऱ्या पेशी वेळेत आल्या, हिरड्यांतलं रक्त थांबलं, पण लाल रक्त येईना. महिनेच्या महिने बाहेरचं चढवावं लागलं. आणि तेही आता बी चालेना, ए चालेना. दोघांच्या भांडणात न पडणारं ओ पाहिजे होतं. गजाननने पुन्हा माईक घेतला, या वेळी ओवाल्यांसाठी. बी पॉझिटिव्हवाले रुसले. एक जण तर म्हणाला, "आमाले काय उगाच जीपवर बसवलं होतं?"

त्या काळात मी रोज घाबरलो. अशा माणसाला सगळे 'धीर धरा' म्हणतात. ज्याला धीर धरायला सांगायचंय, त्याच्याजवळ बसा, काही बोलू नका. अगदीच राहवत नसेल तर केळी आणा, जप्त होतील. एक दिवस तपासणीत लाल रक्ताचा आकडा आपोआप वर गेला. पुढच्या वेळी आणखी. आणि मग रक्तगट तपासला तर ए. शोभाचा.

तुमच्या घरात हा आजार आला तर माझं एवढंच ऐका. रक्तगट पाहून कोणाच्या गळ्यात हार घालू नका. सगळ्या भावंडांची तपासणी करा, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. त्यांना विचारायच्या आधी त्यांच्या सासऱ्यांना विचारू नका. आणि निकाल येईपर्यंत फ्लेक्स छापू नका. वसंताचा फ्लेक्स आता सोयाबीनच्या ढिगावर झाकायला आहे. पाऊस आला की जीवनदाते हात जोडून भिजत बसतात. ढीग मात्र कोरडा राहतो, हे कबूल केलं पाहिजे.

चहा

डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला हो म्हटल्यावर मी सगळ्यात आधी राळेगावला गेलो. आई सोबत होती, आणि आईसोबत तिची बाटली. शोभाच्या सासऱ्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि स्वतः उभे राहिले.

शोभाने माझ्यासाठी चहा आणला. एकच कप. आईला विचारायचं नाही, हे तिला लग्नापासून पाठ आहे.

आई मला पिताना पाहत होती. म्हणाली, "तुले चालते तिच्या घरचं?"

"माय, माह्या अंगात तिचंच फिरून राह्यलं. चहाचं काय घेऊन बसली?"

आईने बाटली मांडीवरून काढून खाली जमिनीवर ठेवली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून एकदम ओरडली, "शोभे! मले नाई देत काय चहा? का मीच परकी हाये इथं?"

आत काहीतरी भांडं पडलं. शोभा काठोकाठ भरलेला कप घेऊन आली. सासरे दाराची चौकट धरून उभे. आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "साखर टाकाची पद्धत नाई वाट्टे तुमच्या घरी?"

साखरेचा डबा आणायला शोभाचे सासरेच आत धावले.